रेघेच्या अलीकडे

पँटची नाडी आक्कांनी स्वतः ओवली.

"पोट आत घे," त्या म्हणाल्या. मी घेतलं. "आता सोड." सोडलं. त्यांनी नाडी ओढून गाठ मारली, दोन पावलं मागे सरकल्या आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिल्या. स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं होतं. माझ्या अंगात यांचा पांढरा शर्ट होता आणि खाली यांचीच पांढरी पँट, कमरेत आवळलेली आणि पायांत चार बोटं दुमडून शिवलेली.

"कशी दिसते?" मी विचारलं.

"गव्हाचं पोतं उभं केल्यागत," आक्का म्हणाल्या. "पण गाठ सुटायची न्हाई. माझी जबाबदारी."

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरात, शेजारात, सगळीकडे त्या आक्काच. पँट शिंप्याकडे न्यायची तर तो माप घेणार कसा, हा प्रश्न होता. कॉलनीचा शिंपी यांच्याबरोबर पत्ते खेळणारा, मलाही वहिनी म्हणायचा. तेव्हा आक्कांनी यांची जुनी पँट घेतली, कमरेचं बटण कापून टाकलं, पट्ट्यात नाडी घातली आणि निर्णय देऊन टाकला.

मी एक पाऊल टाकायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. "चालू नकोस. घडी मोडंल. नवं कापड हाय."

"आक्का, यांचीच तर जुनी आहे."

"तुला नवीच की. काढ आता. देवापुढं ठेवू, हळदीचं बोट लावू, मग परवा तिथं जाऊनच घालायची."

त्यांचा तो नेमच होता. नवं कापड अंगाला लावून बघायचं ते फक्त मापापुरतं. मग ते देवापुढे जायचं आणि ज्या दिवसासाठी शिवलं त्याच दिवशी अंगावर चढायचं. माझ्या लग्नातल्या साड्यांना हा नियम होता, तोच पँटला लागला. मी पँट उतरवली. कमरेच्या पट्ट्याला हळदीचा पिवळा ठिपका लागला, आणि ती पितळी समईशेजारी दोन दिवस घडी होऊन बसली.

आता त्याला पन्नासाच्या घरात वर्षं होत आली. आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. हे कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम संपला की धुराडं थंड व्हायचं, उसाच्या गाड्या थांबायच्या आणि सगळ्या कॉलनीच्या अंगावर एकदम मोकळा वेळ येऊन पडायचा. पुरुषांचे क्रिकेटचे सामने तेव्हाच व्हायचे. मग कुणीतरी बायकांचेही काढले. आदल्या वर्षी नदीपलीकडच्या कारखान्याच्या बायका आमच्याकडे हौसेचा एक सामना खेळायला आल्या होत्या. दोन्हीकडे साड्याच. त्यांच्यातल्या एकीला मी चेंडू टाकला तो तिच्या निऱ्यांत शिरला, आणि नाहीसाच झाला. आमच्या बायका बाद म्हणून हात वर करून उभ्या. ती म्हणाली, चेंडू कुठंय तो दाखवा आधी. पंच होते आमचे हेडक्लार्क; निऱ्या झाडा, हे बाईमाणसाला सांगायचा धीर त्यांना होईना. तेवढ्यात ती तशीच पळत सुटली आणि दोन धावा काढून झाल्यावर चेंडू तिच्या पायाशी पडला. त्यावर दोन्ही कारखान्यांत आठवडाभर वाद चालला. शेवटी त्या वर्षी नदीपलीकडच्या कारखान्यावर रीतसर स्पर्धा ठरली तेव्हा पहिला नियम आला तो हा, की खेळणाऱ्या बायकांनी पँट घातली पाहिजे.

निम्म्या बायका तिथेच गळाल्या. मी गळले नाही, कारण मला चेंडू टाकता यायचा. माहेरी तीन थोरले भाऊ. त्यांनी बॅट माझ्या हाती कधी लागू दिली नाही, पण चेंडू टाकायला कुणीतरी लागायचंच. परकर जाऊन साडी आली, लग्न झालं, कॉलनीत आले, तरी ते सुटलं नाही. संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात आम्ही बायका खेळायचो. चार पावलं, एक गिरकी, आणि चेंडू हळू जाऊन टप्प्यावर असा वळायचा की समोरचीची बॅट एकीकडे आणि दांडी दुसरीकडे. "शालनचा चेंडू माहेरी जायला निघाल्यागत वळतो," असं हे म्हणायचे.

आक्कांनी परवानगी दिली ती मोजून दिली. "एकदाच खेळायचं. हौस अपुरी राहिली की ती घराला लागती, म्हणून. फिटली की बास. सून म्हणून आणलीया तुला."

मला एकदाच नको होतं. मला दर मे महिन्यात हवं होतं, दर संध्याकाळी हवं होतं. पण आक्कांशी वाद घालायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती, यांचीही नव्हती. मी मनाशी एवढंच ठरवलं, की त्या दिवशी इतकं चांगलं खेळायचं की 'बास' म्हणायला आक्कांचीच जीभ वळू नये.

रविवारी पहाटे कारखान्याचा ट्रक कॉलनीच्या फाटकाशी उभा राहिला. मी चढत होते तेवढ्यात मागून आक्का आल्या. नऊवारी चापून नेसलेल्या, हातात दशम्यांचा डबा.

"तुम्ही कुठं?" यांनी विचारलं.

"तिथल्या बस्तीचं दर्शन राहिलंय माझं. मी बी येतो."

त्या भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात. तिथे पोचल्यावर आक्कांचं दर्शन एवढ्या झटक्यात उरकलं, की आम्ही कपडे बदलून बाहेर येईपर्यंत त्या मंडपात पहिल्या रांगेत, लिंबाच्या सावलीची जागा धरून बसलेल्या होत्या.

कपडे आम्ही तिथल्या शाळेच्या एका वर्गात बदलले. बाहेर पडायला कुणी पुढे होईना. पदर नाही म्हटल्यावर हात कुठे ठेवायचे तेच कळत नव्हतं. आमच्या कप्तान बेनाडीकर बाई, कॉलनीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी दारात उभं राहून आम्हाला प्रार्थनेला लावतात तसं रांगेत लावलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "कुणी कुणाच्या पायांकडे बघायचं नाही. नजर फक्त चेंडूवर. लोकही बघणार नाहीत, मी त्यांच्या सेक्रेटरींना सांगितलं आहे."

आणि खरंच, कुणी बघितलं नाही. मैदानाभोवती चारशे माणूस असेल, पण आम्ही आत गेलो तेव्हा सगळे आमच्या डोक्यांकडे, नाहीतर आभाळाकडे बघत होते. यांनीसुद्धा, मी जवळून गेले तेव्हा, माझ्या कपाळाकडे बघूनच म्हटलं, "मनगट सैल ठेव."

आधी आमची फलंदाजी झाली. बेनाडीकर बाईंनी शिस्तीत एकेक धाव जमवली, ड्रायव्हरच्या घरातल्या रझियानं दोनदा चेंडू थेट बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगात मारला, आणि आमच्या नावावर बऱ्यापैकी धावा लागल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. आता काय, शालन आहे.

चेंडू माझ्या हातात आला. काथ्याची मॅट, तिच्यावर चुन्याची रेघ. मी नेहमीसारखी चार पावलं मागे मोजली, आले, हात फिरवला.

"नो बॉल," पंच म्हणाले.

पंच होते तिथले शेती ऑफिसर घोरपडे साहेब. उसाची तोडणी थांबवायला शिवारभर हाक मारायची सवय असलेला आवाज. माझा पुढचा पाय रेघेच्या पार पडला होता. मी म्हटलं, पहिलाच चेंडू आहे, होतं असं. पुन्हा आले. "नो बॉल." तिसऱ्या वेळी पाय रेघेवर आहे असं मला वाटलं तोवर आवाज आलाच. चेंडूही धड पडत नव्हता. टप्पा घ्यायच्या आधीच तो समोरच्या बाईच्या हाताशी जात होता, आणि ती, उंच, दोन वेण्या वर बांधलेली, एखाद्या पाहुण्याचं स्वागत करावं तशी त्याला घेऊन सीमेपार पोचवत होती.

"थोडं मागून सुरू करा," बेनाडीकर बाई येऊन हळूच म्हणाल्या.

मी एक पाऊल मागून सुरू केलं. तर पाय अडखळला, रेघेच्या किती तरी अलीकडे पडला आणि चेंडू दोन टप्पे खात, रांगत गेला. त्यावर चौकार. पुन्हा पुढून आले. "नो बॉल." नो बॉलचा चेंडू पुन्हा टाकायचा असतो, त्यामुळे माझं षटक काही संपेना. मंडपातून कुणीतरी म्हणालं, "बाई, पुढच्या गावाला निघालाय काय? एसटी हाय की चारची." सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, ते मी शर्टाच्या बाहीनं पुसलं. पदर नव्हता ना.

मी मंडपाकडे बघितलं. आक्का हसत नव्हत्या. पुढे वाकून, हाताची पन्हाळ कपाळाला लावून माझ्या कमरेकडे बघत होत्या.

बेनाडीकर बाईंनी मला काढलं नाही. शेवटचं षटक त्यांनी माझ्याच हातात दिलं. "विद्यार्थी एका चाचणीत नापास झाला म्हणून आपण वर्गाबाहेर काढत नाही," त्या म्हणाल्या. समोरच्यांना जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. मी एकीला बाद केलं, खरोखरीचं, दांडी उडवून. तेवढा एक चेंडू कसा कुणास ठाऊक नीट पडला. रझियानं मला उचलून घेतलं. मग बरोबरी झाली. एक धाव उरली. मी डोळे मिटले, उघडले, आले, हात फिरवला, आणि चेंडू कुठे पडला हे बघायच्या आत घोरपडे साहेबांचा आवाज शिवारभर गेला.

नो बॉल. ती एक धाव त्यांना तिथेच मिळाली. बॅटही लावावी लागली नाही.

ट्रकमध्ये सगळ्यांनी आपापलं निदान सांगितलं. एक म्हणाली, दृष्ट लागली. बेनाडीकर बाई म्हणाल्या, एकाग्रता. हे मागच्या फळीवर बसले होते, ते म्हणाले, मनगट. सूर्य कलला तसा आक्कांनी डबा उघडला. सूर्य बुडाल्यावर आमच्यात जेवत नाहीत, त्यामुळे हार असो की जीत, दशम्या वेळेतच खाल्ल्या गेल्या पाहिजेत. त्यांनी सगळ्यांच्या हातावर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. माझ्या हातावर दोन ठेवल्या. रझियानं गाणं सुरू केलं, मग सगळ्या गाऊ लागल्या, आणि कॉलनीचं फाटक आलं तेव्हा बघणाऱ्याला वाटलं असेल की आम्ही जिंकून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पँट धुतली, वाळवली, घडी करून ट्रंकेत ठेवायला निघाले. आक्का अंगणात रांगोळी काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठं निघालीस?"

"ट्रंकेत ठेवते."

"हौस फिटली?"

मी खोटं बोलू शकले असते. 'फिटली' म्हटलं असतं तर विषय संपला असता, आणि घरात शांतताही राहिली असती.

"नाही फिटली," मी म्हटलं. "पण एकदाच ठरलं होतं."

आक्कांनी रांगोळीचा डबा खाली ठेवला. "काल तू पळत कशी हुतीस ठावं हाय का?"

"कशी?"

"भूपालागत."

भूपाल म्हणजे हे. आत दाढी करत होते, ते साबण लावलेल्या तोंडानं दारात आले.

"समद्यांनी ठरवलं हुतं, बघायचं न्हाई म्हणून," आक्का म्हणाल्या. "मला मात्र बघायलाच लागत हुतं. नाडी मी ओवलेली. भर मैदानात सुटली असती तर नाव कुणाचं? सकाळधरनं तुझ्या पँटीवरची नजर हलवली न्हाई मी. चालताना बरी चालायचीस. पण पळत आलीस की शेवटची टांग ही अशी." आणि त्या उठल्या. साठी उलटलेल्या आमच्या आक्का, काष्टा घातलेल्या नऊवारीत, अंगणातून तीन पावलं पळाल्या आणि चौथी टांग अशी लांब टाकली की यांच्या हातातला वस्तरा थांबला.

"आक्का, पडाल," हे म्हणाले.

"मी कशाला पडतो? माझा काष्टा हाय. हिची गोल साडी. जन्मभर म्हशीच्या पायाला दावं बांधल्यागत ती साडी हिची टांग धरत आली. हिनं चार पावलं मोजली ती साडीची. काल दावं सुटलं, म्हस उधळली."

मी पँटची घडी हातात धरून तशीच उभी राहिले. माहेरच्या परकरापासून कालपर्यंतची माझी सगळी पावलं त्या क्षणी मला दिसली, आणि शेवटच्या पावलाला आतून ओढून धरणारा निऱ्यांचा तो ताणही. त्या ताणावरच माझा हात सुटत होता. मला वाटायचं, ते मी ठरवून करते.

"थांब," आक्का म्हणाल्या. त्यांनी चिमटीत रांगोळी घेतली आणि अंगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. "टाक."

मी साडीतच चार पावलांवरून आले. पाय रेघेच्या अलीकडे, चार बोटं राखून पडला. चेंडू न्हाणीच्या भिंतीवर जाऊन वळला.

"आता ती घालून ये."

"इथं? अंगणात? सगळी कॉलनी उठली आहे."

"काल चार गावांनी बघितलं. कॉलनीनं काय घोडं मारलंय?"

मी आत जाऊन पँट घालून आले. आले, हात फिरवला. खाली बघितलं तर रेघ मधोमध पुसलेली, आणि माझ्या तळव्याला पांढरी रांगोळी. हे दारातूनच, घोरपडे साहेबांच्या आवाजात, "नो बॉल" म्हणाले. शेजारच्या अंगणातून कुणीतरी खुदकन हसलं. मग मीही हसले, आणि आक्का तर ओसरीच्या पायरीवर बसून पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा चिमूट भरली आणि पुसलेली रेघ सांधली.

"रोज सकाळी," त्या म्हणाल्या. "मी रेघ मारायची, तू टाकायचं. ज्या दिवशी रेघ शाबूत राहील त्या दिवशी मैदानावर जायचं."

"पण आक्का, एकदाच म्हणाला होतात तुम्ही."

"मग? काल तू खेळलीस कुठं? काल पँट खेळली. तुझं एकदा अजून व्हायचंय."

यांनी आरशाकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

त्या दिवसापासून मी सकाळी पँटीतच अंगण झाडलं, पँटीतच पाणी भरलं, पँटीतच पावलं नव्यानं मोजली. चाराची साडेतीन झाली, मग पुन्हा चार, पण वेगळी चार. कॉलनीनं आठ दिवस बघितलं आणि नववा दिवस यायच्या आधीच कंटाळून बघणं सोडलं. सुरुवातीला रोज रेघेचा चट्टामट्टा व्हायचा. पुढे नुसती अंगठ्याएवढी खूण उमटायची. आणि श्रावणातल्या एका सकाळी मी दमेपर्यंत चेंडू टाकले, ओणवी होऊन बघितलं, तर रेघ सुतासारखी सरळ. मी आक्कांना हाक मारली. त्या आल्या, डोळे बारीक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, आणि म्हणाल्या, "हं. उद्या भाजीला लवकर लाग. संध्याकाळी मैदानावर जायचंय तुला."

पुढच्या मे महिन्यात सामने आमच्याच कारखान्यावर झाले. घोरपडे साहेब पंच म्हणून मुद्दाम बोलावले होते. ते दिवसभर माझ्या पायाशी ओणवे झाले, आणि त्यांना हाक मारायची संधी एकदाही मिळाली नाही. माझ्या चेंडूंनी दांड्या उडवल्या, रझियानं झेल घेतले, आम्ही अंतिम सामना जिंकलो. सेक्रेटरींच्या पत्नीनं मला एक पितळी कप दिला, हातात मावेल एवढा.

घरी येईपर्यंत मी नाचत होते. पायरीवर पाय ठेवला तेव्हा लख्खकन आठवलं. एकदाच. ते आज झालं. आणि इतकं चांगलं झालं, की त्यात कसली खोट काढायला जागाच नव्हती.

आक्का माझ्या आधीच मैदानावरून येऊन ओसरीवर बसल्या होत्या. मी कप त्यांच्यापुढे ठेवला आणि नमस्कार केला. त्यांनी कप उचलला, उलटा करून बघितला, नखानं वाजवून बघितला, आणि देवापुढे ठेवायला यांच्या हातात दिला.

"पँट काढून दे," त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन साडी नेसले आणि पँट आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कमरेचा पट्टा चाचपला. हळदीचा ठिपका धुऊन धुऊन फिका झाला होता.

"ऊन लै हुतं आज," आक्का म्हणाल्या. "त्यांची ती दोन वेण्यांची उंच बाई बी आली न्हवती. हे काय धरायचं न्हाई."

आणि जुनी नाडी ओढून काढून त्या नवी ओवायला बसल्या.